पानाच्या आकाराचा गाळा

आर्किटेक्चर कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या आसपास भाजी मंडईचा प्रोजेक्ट येतोच. ज्या मुलांनी आयुष्यात कधी मेथीची जुडी निवडलेली नसते, त्यांना मेथी विकण्याची आदर्श जागा काढून दाखवायची असते. यात वावगं काही नाही. पुढच्या वर्षी हीच मुलं हॉस्पिटल काढतात आणि त्यासाठी आधी आजारी पडण्याची अट नसते. अलीकडे प्रोजेक्टच्या कागदावर शेवटी एक ओळ वाढलेली दिसते : डिझाइनला इकॉलॉजीचा आधार असावा. ओळ चांगल्या हेतूनं आलेली आहे. पण ती वाचताच निम्मा वर्ग पिंपळाच्या पानामागे लागतो, उरलेल्यातले बरेचसे मधमाशीच्या पोळ्यामागे, आणि जे त्या दिवशी उशिरा उठतात त्यांच्या वाट्याला वारूळ येतं. ज्युरीच्या दिवशी भिंतीवरच्या शीट्स लांबून पाहिल्या, तर निसर्गमंडळाचं प्रदर्शन भरलंय असं वाटतं. त्यात भाजी कुठे आहे हे विचारावं लागतं. माझं म्हणणं एवढंच की ओळ बरोबर आहे, धाव मात्र भलतीकडे आहे. इकॉलॉजीकडून गाळ्यासाठी घेण्यासारखं पुष्कळ आहे, फक्त आकार तेवढा घेऊ नये.

आधी पानाचं बघू. पिंपळाच्या पानाला जे लांब निमुळतं टोक असतं, ते शोभेचं नव्हे. पावसाचं पाणी पानावर साचू नये, टोकावरून ओघळून जावं, ही ती सोय. झाडाला ती परवडते, कारण पाणी कुठे पडतं याबद्दल झाडाकडे तक्रार घेऊन कोणी येत नाही. तेच पान दहा फूट लांबीचं करून गाळ्यावर छत म्हणून घातलं, की जुलैतली धार टोकावरून थेट भाव विचारायला वाकलेल्या गिऱ्हाइकाच्या मानेत. पोळ्याची गत याहून बिकट. षटकोनाची थोरवी खरी आहे : सारख्या क्षेत्रफळाचे कप्पे पाडायचे तर सर्वांत कमी भिंत षटकोनात लागते, हे टॉमस हेल्स या गणितज्ञानं १९९९ मध्ये सिद्ध केलं; मधमाश्या सिद्धतेसाठी थांबल्या नव्हत्या. पण ही काटकसर जमते ती सहाही भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असतात म्हणून. पोळं आडवं करून त्याचा प्लॅन केला, तर कप्प्यात शिरायची वाट उरते आभाळाकडून, आणि मंडईत उडत येणारं गिऱ्हाईक दुर्मीळ. शिवाय टोमॅटोचे क्रेट चौकोनी असतात. एकशेवीस अंशांच्या कोपऱ्यात चौकोनी क्रेट ठेवला की मागे तिकोनी फट राहते आणि त्या फटीत उंदीर राहायला येतात. जैवविविधता म्हणून तेवढीच पदरात पडते.

इथे वारूळवाले हात वर करतील, आणि त्यांचा दावा सर्वांत भक्कम आहे. हरारे शहरातलं ईस्टगेट सेंटर १९९६ मध्ये पुरं झालं. वास्तुकार मिक पिअर्स, प्रेरणा वाळवीच्या वारुळाची, आणि दुकानं-ऑफिसांची एवढी मोठी इमारत नेहमीच्या एअर कंडिशनिंगवाचून गार. जगभरच्या कॉलेजांत हे उदाहरण स्लाइडवर येतं. पुढची गंमत मात्र स्लाइडवर येत नाही. वारुळात तापलेली हवा वर चढून निघून जाते, खालून गार हवा आत ओढली जाते आणि त्यामुळे आतलं तापमान स्थिर राहतं, अशी त्या वेळची समजूत होती. स्कॉट टर्नर आणि रूपर्ट सोअर यांनी वारुळांचा अभ्यास करून २००८ मध्ये मांडलं, की वाळवीचं घर असं चालत नाही. आतलं तापमान साधारण आसपासच्या जमिनीबरोबरच वरखाली होतं, आणि हवा खेळते ती बाहेरच्या वाऱ्याच्या चढउतारावर. म्हणजे वारुळावरून घेतलेली कल्पना खुद्द वारुळालाच लागू नव्हती; तरी इमारत गार राहिली. कारण अरुप कंपनीच्या इंजिनिअरांनी उंचावरच्या शहराची गार रात्र, काँक्रीटचं वजन आणि हवा खेळवणारे पंखे यांचा हिशेब घातला होता. वाळवी प्रेरणा देऊन मोकळी झाली, आकडेमोड माणसांना करावी लागली. तेव्हा वारूळवाल्यांचं निम्मं म्हणणं मान्य : चुकीच्या उपमेतूनही चांगली इमारत निघू शकते. अट एवढीच, की उपमेनंतर कोणीतरी हिशेब करायला बसलं पाहिजे. मंडईच्या प्रोजेक्टमध्ये उपमेनंतर रेंडर करायला बसतात.

एर्न्स्ट हेकेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानं १८६६ मध्ये इकॉलॉजीचं बारसं केलं, तेव्हाच विषय स्पष्ट होता : जीव आणि भोवतालचं जग यांच्यातले संबंध. कोण कोणाला खातो, कोण कोणाच्या सावलीत वाढतो, कोणाचं उरलेलं कोणाला पुरतं, एकाच जागेवर सकाळी कोण आणि रात्री कोण. या शास्त्रात पानाच्या देखणेपणाला मार्क नाहीत. आणि असलेच प्रश्न घेऊन मंडईत गेलं, तर उसनं काही आणावंच लागत नाही, कारण मंडई असल्याच संबंधांवर उभी आहे.

रॉबर्ट मॅकआर्थर या अमेरिकन शास्त्रज्ञाचा १९५८ चा अभ्यास इकॉलॉजीच्या पुस्तकांत हमखास असतो. स्प्रूसच्या जंगलात वटवट्यासारख्या दिसणाऱ्या पक्ष्यांच्या पाच जाती एकाच झाडावर किडे टिपून जगत होत्या. एकमेकींना संपवत कशा नाहीत, हा प्रश्न. पाहणीत दिसलं, की एक जात शेंड्याकडे टिपते, एक खालच्या फांद्यांवर, एक आतल्या बाजूला, आणि टिपायच्या तऱ्हाही निराळ्या. झाड एक, धंदे पाच. आता कोथिंबीर घ्या. गाळ्यावर ती टवटवीत जुडीनं मिळते, घासाघीस केली तर रागानं मिळते. बाहेर फुटपाथवर मावशी तिचे वाटे लावून बसतात. जुडी लागत नाही आणि परवडतही नाही अशा घरांसाठी. दादर-ठाण्याच्या स्टेशनांबाहेर संध्याकाळी निवडलेली, चिरलेली भाजी पिशवीतून विकायला असते. ती विकणारी बाई खरं तर लोकल पकडणाऱ्या दुसऱ्या बाईला अर्धा तास विकत असते. रात्री नवाच्या सुमाराला उरलेल्या मालाचा भाव पडतो आणि त्या पडत्या भावावर लक्ष ठेवून असलेली गिऱ्हाइकं तेव्हाच घराबाहेर पडतात. त्यानंतरचा पाला गाय खाते. एका कोथिंबिरीवर इतकी मंडळी जगतात आणि विद्यार्थी मात्र सर्वांना दहा बाय दहाचा एकच गाळा ‘टिपिकल युनिट’ म्हणून अठ्ठेचाळीस वेळा कॉपी-पेस्ट करतो. वाटेवालीला दहा बाय दहा दिला, तर भाडं भरण्यासाठी तिला वाट्यांऐवजी सोनं विकावं लागेल.

यावर थोडं वाचलेला विद्यार्थी गाऊसचं नाव काढेल. रशियन शास्त्रज्ञ गाऊसनं १९३४ मध्ये प्रयोगांवरून दाखवलं, की अगदी सारख्या गरजांच्या दोन जाती एका जागी फार काळ नांदत नाहीत, एक दुसरीला हुसकावते. मग पुण्यात अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची दुकानं एकमेकांना खेटून कशी? तुळशीबागेत कानातल्यांशेजारी कानातलेच का? आक्षेप रास्त आहे, पण उत्तर जंगलातच आहे. गुजरातेत वेळावदरच्या माळावर विणीच्या हंगामात काळविटाचे नर लहानलहान जागा धरून जवळजवळ उभे राहतात. माद्या येतात, पाहतात, तुलना करतात आणि निवड करून जातात. एकटा उभा राहणारा नर कितीही देखणा असला तरी त्याच्याकडे वाट वाकडी करून कोण जाणार? तुळशीबागेचंही तेच. चार दुकानं पाहून पाचव्यात घ्यायचं आणि पुन्हा पहिल्यात जाऊन ‘तिकडे स्वस्त होतं’ म्हणून सांगायचं, ही सोय जिथे आहे तिथेच गिऱ्हाईक येतं, आणि गिऱ्हाईक आलं की पाचांचंही भागतं. म्हणून ‘प्रत्येक प्रकाराचा एकच गाळा, म्हणजे स्पर्धा टळेल’ असा सुबक प्लॅन काढणाऱ्यानं स्पर्धेबरोबर बाजारही टाळलेला असतो.

आता सर्वांत महागडा पुरावा. महाराष्ट्रात गावोगावी नगरपालिकांनी बांधलेल्या मंडया आहेत. इमारत पक्की, ओटे फरशीचे, पाटी उद्घाटनाची, आणि आत शुकशुकाट. भाजीवाले कुठे? फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, इमारतीच्याच सावलीत. याची कारणं विक्रेत्यांच्या हट्टीपणात आणि गिऱ्हाइकांच्या आळसात शोधली जातात. इकॉलॉजीत हा वाद फार पूर्वी मिटलाय. आल्डो लिओपोल्डनं १९३३ मध्येच लिहून ठेवलं, की शिकारीचे पशुपक्षी जिथे दोन प्रकारचा परिसर एकमेकांना भिडतो त्या कडेवर जास्त आढळतात : रान संपून माळ सुरू होतो तिथे. बाजारही कडेचाच प्राणी आहे. स्टेशनचा जिना जिथे रस्त्याला मिळतो, देवळाची भिंत जिथे चौकात वळते, ऑफिसातून घरी जाणारा जिथे नाइलाजानं वेग कमी करतो, तिथे टोपली टेकते. कडेचा जीव उचलून पहिल्या मजल्यावर नेला की तो पुन्हा खाली उतरतो. पुण्याची फुले मंडई आजही चालते, याचं श्रेय लोक तिच्या मनोऱ्याला देतात. पण इमारतीतल्या ओट्यांइतकीच तिच्या बाहेरची सगळी कड विक्रेत्यांनी भरलेली असते, हे वास्तुशास्त्राच्या दृष्टीनं मनोऱ्याहून महत्त्वाचं आहे. ही मंडई १८८६ मध्ये ‘रे मार्केट’ म्हणून उघडली. ज्या जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता, त्यांचंच नाव पुढे तिला दिलं गेलं. विरोधकाची बोळवण करण्याची याहून पक्की पद्धत कोणत्याही पालिकेला अजून सापडलेली नाही.

मोठ्या नकाशावरून उतरून एका ओट्याजवळ जरा थांबलं, तर डिझाइन म्हणजे काय ते कळतं. काउंटरची उंची किती, याचं उत्तर विद्यार्थी नॉयफर्टच्या मापांच्या जाडजूड पुस्तकातून काढतो. ते पुस्तक १९३६ मध्ये जर्मनीत निघालं आणि त्यातला विक्रेता बहुतेक उभा असतो. आपली भाजीवाली बसते. पहाटे मार्केट यार्डातून माल उचलून रात्रीपर्यंत विकायचा तर बारा तास उभं कोण राहील? तेव्हा तीन फुटी काउंटर दिला की ती सरळ काउंटरवर चढून बसते आणि आर्किटेक्टनं तिच्यासाठी केलेल्या जागेत पोती ठेवते. ती बसली की सगळा गाळा तिच्या हाताच्या लांबीत आवरतो. मांडीजवळ वजनकाटा, मांडीखाली पैशाची पिशवी. महाग आलं-लसूण हातापाशी, बटाटा लांब, कारण बटाटा कोणी उचलून पळत नाही. समोरच्या क्रेटच्या मागच्या कडेखाली विटेचा तुकडा, म्हणजे टोमॅटो गिऱ्हाइकाकडे कलतात. कोथिंबीर ओल्या गोणपाटावर उभी, मुळं खाली. वरून मधूनमधून पाण्याचा हबका. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं आणि जुडी दुपार निभावते. हरारेच्या इमारतीची जी गोष्ट स्लाइडवर सांगतात, तिच्याच जातीची ही गोष्ट आहे. फरक इतकाच, की गोणपाटाला कोणी पारितोषिक देत नाही.

जागेइतकीच वेळ वाटून घेणं ही निसर्गाची जुनी रीत. घार दिवसा फिरते, घुबड रात्री; एकाच माळावर दोघांचं भागतं. फुटपाथलाही पाळ्या असतात : सकाळी फुलपुडीवाला, दुपारी चार्जर आणि कव्हरं, संध्याकाळी पाणीपुरी, रात्री अंथरूण. वास्तुकार चार्ल्स कोरियांनी हे नेमकं हेरलं होतं. मुंबईच्या फुटपाथसाठी त्यांनी जोत्यासारखे ओटे आणि पाण्याचे नळ सुचवले : दिवसा फेरीवाल्यांनी त्यावर माल मांडायचा, संध्याकाळी ओटे धुऊन काढायचे आणि रात्री उघड्यावर झोपणाऱ्यांनी तिथे पाठ टेकायची. एवढ्या कमी रेघांत एवढा विचार क्वचित दिसतो. त्या योजनेत पान नव्हतं, पोळं नव्हतं, घड्याळ होतं. मंडईच्या प्रोजेक्टमध्ये मात्र उन्हाचा नकाशा तासातासाचा असतो आणि माणसांचा नकाशा कायम सकाळी अकराचा. त्यात एक सायकलवाला, एक फुगेवाला आणि हात धरून चाललेलं एक परदेशी जोडपं असतं. ही मंडळी कॉम्प्युटरमध्ये तयार मिळतात.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय गाळ्याचं चित्र पुरं होत नाही, ती म्हणजे अतिक्रमण विभागाची गाडी. जंगलात शिकारी असतो, रस्त्यावर ही गाडी. तिच्यामुळे फुटपाथवरच्या मालाला जी अंगं फुटली आहेत, ती एखाद्या प्राण्यानं हजारो पिढ्यांत कमवावीत अशी आहेत. चादरीचे चार कोपरे एका मुठीत आले की दुकानाचं बोचकं होतं आणि बोचकं गल्लीत दिसेनासं होतं. विद्यार्थ्याच्या गाळ्याला आरसीसीचा पाया असतो. तो पळू शकत नाही. यावर कोणी म्हणेल, की पळावं लागू नये यासाठीच तर २०१४ चा फेरीवाला कायदा आहे : प्रमाणपत्र आहे, हलवण्याआधी तीस दिवसांची नोटीस आहे, पन्नास वर्षांहून जुन्या नैसर्गिक बाजाराला वारसा बाजार म्हणून संरक्षण आहे. म्हणणं खरं आहे आणि कायदा पाळला जाईल तिथे पाया जरूर घालावा. पण मॉरिशस बेटावर शिकारी नव्हता म्हणून डोडोनं पंख आखडते घेतले आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून जहाजं येऊ लागल्यावर त्याला उडता आलं नाही, हेही ध्यानात ठेवावं. आयुक्त बदलला की धोरण बदलणाऱ्या शहरात घडी घालता येणारा गाळा हा अधिक शहाणा पक्षी.

आता खरा गंभीर आक्षेप. माणसांच्या बाजाराला जंगल म्हणणं घातक नाही का? जंगलात बलवान दुबळ्याला खातो. मग हप्ता घेणारा दादाही ‘परिसंस्थेचा घटक’ ठरेल, आणि उद्या एखादा अधिकारी परगावच्या भाजीवाल्याला घाणेरीसारखी बाहेरून आलेली जात ठरवून उपटायला निघेल. हा धोका खरा आहे. म्हणून मर्यादा स्पष्ट हवी : इकॉलॉजी कसं चालतं ते सांगते, कसं असावं ते सांगत नाही. दिवसभर बसणाऱ्या बाईला जवळपास स्वच्छतागृह नसतं, म्हणून ती पाणी पीत नाही, ही बाजारातली सर्वांत ‘नैसर्गिक’ म्हणून चालवून घेतलेली गोष्ट आहे आणि तिला एक क्षणही चालवून घेऊ नये. नळ, गटार, दिवा, संडास, पोराला झोपवायची जागा ही झाडावरून सुचत नाहीत. ती हक्क म्हणून द्यावी लागतात. आर्किटेक्टचं काम इथे आहे आणि ते भरपूर आहे. कायद्यानंही उपमेवर विसंबून न राहता नगर पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया, असा आकडाच घातला. हरणांना जंगलात समितीवर घेत नाहीत. माणसांचा बाजार तेवढा जंगलाहून पुढे गेलेला आहे, निदान कागदावर.

उरला विद्यार्थ्यांचा प्रामाणिक सवाल : संबंध काढून दाखवायचे कसे? ज्युरीला बघायला काहीतरी लागतं. पान दिसतं, पोळं दिसतं. वाटेवालीचं आणि पडत्या भावाचं नातं सनबोर्डात कापता येत नाही. सवाल खोटा नाही, पण त्याची सोय आहे. एका ओट्याचा चोवीस तासांचा सेक्शन काढा : कोण कधी आलं, सावली कुठे सरकली, पाणी कुठून कुठे गेलं, पाला कोणी उचलला. बसलेल्या हाताच्या टप्प्याचं वर्तुळ काढा. बोचकं बांधायला लागणारे सेकंद लिहा. आणि ज्युरीही कायद्याच्याच आकड्यानं बसवा : पाच जणांची असेल तर ४० टक्के म्हणजे नेमके दोन भाजीवाले, त्यांतली एक बाई. एक तृतीयांशाहून जास्त झाली, पण त्यावर कोणी कोर्टात जाणार नाही. बाहेरून आलेले नामवंत वास्तुकार ‘फॉर्म’ आणि ‘व्हॉइड’ यांच्यावर बोलतील तोवर मावशी शीटवरचा गाळा बघून तीनच गोष्टी विचारतील : बसायचं कुठं, पाणी कुठून आणायचं आणि भाडं किती. या तिन्हींची उत्तरं ज्याच्या शीटवर असतील त्यानं छत पिंपळपानाचं काढलं तरी खुशाल पास करावं. एक फायदा जाताजाता होईल तो वेगळाच : ज्युरी वेळेवर संपेल. धंद्याची वेळ मोडून आलेलं माणूस कोणाचाही कन्सेप्ट चाळीस मिनिटं ऐकून घेत नाही.